स्वयंचलित ऑनबोर्डिंगची देखरेख आणि पडताळणी

हा पाठ संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. गिट, लिनक्सची कमांड लाइन आणि साधी शेल स्क्रिप्ट यांची तुम्हाला ओळख आहे असे गृहीत धरले आहे. सर्व्हर सांभाळण्याचा अनुभव नसला तरी चालेल.

आमची एक माजी विद्यार्थिनी पहिल्या नोकरीवर रुजू झाली. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "सर, मला अजून कोडच मिळाला नाहीये. क्लोन करायला गेले की रिपॉझिटरी नॉट फाउंड येतं. पत्ता दहा वेळा टाइप करून बघितला." मी विचारले, "कोणाला सांगितलंस का?" ती म्हणाली, "कसं सांगू? ऑनबोर्डिंगच्या पानावर माझ्या नावापुढे शंभर टक्के पूर्ण असं दिसतंय. म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार."

तिचे काहीही चुकत नव्हते. तिचे खाते चुकीच्या गटात घातले गेले होते, त्यामुळे त्या रिपॉझिटरीची परवानगी तिला मिळालीच नव्हती. गिटहबसारख्या सेवा खासगी रिपॉझिटरीची परवानगी नसेल तर "परवानगी नाही" असे म्हणत नाहीत, "अशी रिपॉझिटरी सापडली नाही" असे म्हणतात. हे मुद्दाम केलेले असते, कारण परवानगी नाही असे सांगितले तर त्या नावाची रिपॉझिटरी अस्तित्वात आहे हे परक्या माणसाला कळते. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण नव्या माणसाला त्यातून एकच अर्थ कळतो, की आपण पत्ता चुकीचा लिहिला. जुना माणूस दोन मिनिटांत ओळखेल की हा परवानगीचा प्रश्न आहे. नव्याला ते ओळखता येत नाही आणि समोरचे पान तर सगळे पूर्ण झाल्याचे सांगत असते.

स्वयंचलित ऑनबोर्डिंगमध्ये काही बिघडले तर त्याचा भार त्या कंपनीत सर्वांत कमी माहिती असलेल्या आणि विचारायला सर्वांत जास्त संकोचणाऱ्या माणसावर पडतो. म्हणून या यंत्रणेची पडताळणी इतर स्क्रिप्टपेक्षा जास्त काटेकोर असावी लागते. ती कशी करायची ते आता पाहू.

ऑनबोर्डिंगमध्ये काय काय येते

नवा डेव्हलपर रुजू झाला की त्याला ई-मेल खाते, एकाच पासवर्डने सगळीकडे प्रवेश देणारे लॉगिन, दुसऱ्या टप्प्याच्या ओळखीसाठी ओटीपीची सोय, रिपॉझिटरीची परवानगी, लॅपटॉपवर कंपायलर, डेटाबेस आणि लायब्ररी, स्वतःच्या मशीनवर चालणारी प्रणालीची एक प्रत आणि कोणाला काय विचारायचे याची माहिती लागते. पूर्वी शेजारच्या टेबलावरचा सहकारी दोन-तीन दिवस जवळ बसून हे करून द्यायचा. आता मनुष्यबळ विभागाच्या नोंदवहीत नाव चढले की एक प्रणाली खाते तयार करते, दुसरी त्याला गटात घालते, तिसरी लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवते. व्हेग्रंट २०१० मध्ये, अ‍ॅन्सिबल २०१२ मध्ये आणि डॉकर २०१३ मध्ये आले. तेव्हापासून विकासाचे संपूर्ण वातावरण एका फाइलमध्ये लिहून ठेवणे सोपे झाले.

यात वेळ वाचतो, सगळ्यांची मशीन सारखी राहतात, हे खरे. मात्र एक गोष्ट गळून पडली. शेजारी बसलेला सहकारी काम करून देताना पाहतही होता. "झालं का सुरू? दाखव बरं," असे म्हणत होता. तीच पडताळणी होती. काम स्क्रिप्टकडे गेले, पण हे "दाखव बरं" कोणाकडेच गेले नाही.

देखरेख म्हणजे काय, पडताळणी म्हणजे काय

हे दोन शब्द विद्यार्थी परीक्षेत सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. यंत्रणा काय करते आहे याची सतत नोंद ठेवणे म्हणजे देखरेख: कोणती पायरी किती वाजता सुरू झाली, किती वेळ लागला, कुठे थांबली. पडताळणी म्हणजे जे व्हायला हवे होते ते प्रत्यक्षात झाले का हे स्वतंत्रपणे तपासणे. देखरेखीचा प्रश्न असतो, "खाते गटात घालण्याची कमांड चालली का?" पडताळणी विचारते, "या खात्याने आता कोड उतरवता येतो का?"

आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत देखरेख होती. गटात घालण्याची कमांड चालल्याची नोंद होती आणि ती नोंद खरीही होती, फक्त गट चुकीचा होता.

आम्ही खमरियाच्या परिसरात शिकवतो, म्हणून जवळचे एक उदाहरण देतो. येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली आयुधनिर्माणी आहे, आणि तोफा व दारूगोळ्याच्या चाचण्यांसाठी लाँग प्रूफ रेंज आहे. जबलपूरच्याच गन कॅरेज फॅक्टरीत तयार झालेल्या 'धनुष' तोफेच्या चाचण्या याच रेंजवर झाल्या. शस्त्रास्त्रांच्या व्यवहारात 'प्रूफ' या शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष झाडून पाहणे. निर्माणीत प्रत्येक टप्प्यावर मोजमाप होतेच, त्याची कागदपत्रेही असतात. ती झाली देखरेख. पण तेवढ्यावर माल पुढे जात नाही. नमुने रेंजवर नेऊन झाडून पाहावे लागतात. बनवण्याच्या जागेपासून वेगळ्या जागी आणि प्रत्यक्ष वापरासारख्या परिस्थितीत केलेली चाचणी, एवढे दोन गुण आपल्याला या पाठासाठी घ्यायचे आहेत.

स्क्रिप्ट खोटे कसे बोलते

लिनक्समध्ये प्रत्येक कमांड संपताना एक अंक मागे ठेवते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे यश, इतर काहीही म्हणजे अपयश. बहुतेक स्वयंचलित यंत्रणा हाच अंक पाहून हिरवा टिक देतात. आता अडचण अशी की शेल स्क्रिप्टचा एक्झिट कोड हा तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड असतो. वीस कमांडपैकी सातवी फसली आणि विसावी "सर्व तयार आहे" असा संदेश छापणारी असेल, तर संदेश छापण्याचे काम यशस्वी झाले म्हणून संपूर्ण स्क्रिप्ट यशस्वी ठरते! पाइपने जोडलेल्या कमांडांचेही तेच आहे. सहसा शेवटच्या कमांडचाच निकाल धरला जातो, आधीची फसली तरी कळत नाही. बॅशमध्ये पहिली चूक होताच थांबण्याचा 'एररएक्झिट' हा पर्याय आणि पाइपमधली कोणतीही चूक वर कळवणारा 'पाइपफेल' हा पर्याय चालू करून ठेवावा. एररएक्झिट सर्वच ठिकाणी थांबवत नाही. उदाहरणार्थ, 'इफ'च्या अटीत लिहिलेली कमांड फसली तर स्क्रिप्ट पुढे चालतच राहते. म्हणजे हे पर्याय आवश्यक आहेत, पुरेसे नाहीत.

दुसरा प्रकार मी स्वतः केलेला आहे. प्रकल्पाच्या प्रयोगशाळेतील मशीन तयार करण्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती इंटरनेटवरून एक लायब्ररी उतरवून योग्य फोल्डरमध्ये ठेवत असे. सगळ्या मशीनवर ती यशस्वी झाली. सोमवारी तास सुरू झाला आणि मागच्या रांगेतल्या मुलांचे प्रोग्राम चालेनात. मी आधी त्यांच्यावरच रागावलो. नंतर फाइल उघडून पाहिली तर त्यात लायब्ररी नव्हतीच, नेटवर्कचे लॉगिन पान होते. त्या मशीनच्या लॉगिनची मुदत संपली होती, त्यामुळे नेटवर्कने मागितलेल्या फाइलऐवजी आपले लॉगिन पान पाठवले, तेही "विनंती यशस्वी" या २०० क्रमांकाच्या उत्तरासह. उतरवण्याच्या कमांडच्या दृष्टीने काहीच बिघडले नव्हते. फाइल मागितली, फाइल आली.

उपाय सोपा होता. उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ ठसा काढून तो आधी नोंदवलेल्या ठशाशी ताडून पाहायचा. ही एक तपासणी असती तर मागच्या रांगेला बोलणी बसली नसती.

तिसरा प्रकार वेळेच्या अंतराचा. खाते एका प्रणालीत तयार होते आणि काही वेळाने दुसरीपर्यंत पोहोचते. खाते तयार केल्यावर लगेच तपासले तर तपासणी उगाच फसते. म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा तपासावे. पण कमाल मर्यादा ठेवावी आणि ती ओलांडली तर स्पष्टपणे अपयश नोंदवावे. मर्यादा नसलेली वाट पाहणारी स्क्रिप्ट ही फसलेल्या स्क्रिप्टपेक्षा वाईट. ती कायम "काम चालू आहे" असेच म्हणत राहते.

आणि घड्याळ. नव्या लॅपटॉपचे घड्याळ दोन-चार मिनिटे चुकलेले असेल तर अ‍ॅपमधून येणारा ओटीपी सर्व्हर नाकारतो, कारण असे बहुतेक ओटीपी दर ३० सेकंदांच्या खिडकीवर आधारलेले असतात. फोनवर ओटीपी काढत असाल तर फोनचे घड्याळ पाहा. स्क्रीनवर मात्र "चुकीचा कोड" एवढेच येते. पुन्हा तेच, नव्याला वाटते आपण अंक चुकलो. घड्याळ बरोबर आहे का, ही तपासणी यादीत सर्वांत वर ठेवावी.

गजर वाजलाच नाही तर

देखरेख करणाऱ्या यंत्रणेवर देखरेख कोण करतो, हा प्रश्न तात्त्विक वाटतो. तो किती व्यावहारिक आहे ते गिटलॅब कंपनीच्या २०१७ सालच्या घटनेवरून कळते. घटना ऑनबोर्डिंगची नाही, बॅकअपची आहे, पण स्वयंचलित कामाच्या पडताळणीसाठी इतके चांगले उदाहरण क्वचित मिळते. शिवाय कंपनीने सगळा तपशील स्वतः जाहीर केला, म्हणून ते अभ्यासता येते.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नीट होत नव्हती. ती दुरुस्त करताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचे समजून मुख्य सर्व्हरवरचे फोल्डर पुसले. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते. ठीक आहे, बॅकअप आहेत, असे सर्वांना वाटले. रोज पोस्टग्रेसचा बॅकअप काढून अ‍ॅमेझॉनच्या साठवणीत टाकणारे काम वेळापत्रकाने चालत होते. साठवण उघडून पाहिली तर रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप काढणारा प्रोग्राम ९.२ चा चालत होता. आवृत्ती जुळत नसल्यामुळे तो दर वेळी चूक दाखवून थांबत होता.

मग कोणाला कळले कसे नाही? काम फसले की ई-मेल जाण्याची सोय होती आणि ई-मेल पाठवलेही जात होते. पण त्यांच्यावर योग्य सही नसल्यामुळे डीमार्क या ई-मेल सुरक्षेच्या नियमानुसार ते नाकारले जात होते. गजर वाजत होता, फक्त तो ऐकू येत नव्हता. शेवटी त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या प्रतीवरून डेटाबेस परत उभा राहिला. मधल्या वेळेतली माहिती गेली. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना त्याचा फटका बसला.

बॅकअपची तपासणी का होत नव्हती, याचे कंपनीने दिलेले उत्तर मी दर वर्षी फळ्यावर लिहितो: ते काम कोणाच्याच नावावर नव्हते.

यातून ऑनबोर्डिंगसाठी काय घ्यायचे? फसल्यावर कळवणारी यंत्रणा पुरेशी नाही. यश मिळाल्यावर हजेरी लावणारी आणि हजेरी न लागल्यास ओरडणारी यंत्रणा हवी. वस्तीत रात्री गस्तवाला काठी आपटत फिरतो. काठीचा आवाज येतो आहे तोवर आपण निवांत झोपतो, एखाद्या रात्री आवाज आला नाही तर मात्र उठून खिडकीतून पाहतो. तसेच करायचे. ऑनबोर्डिंगची तपासणी यशस्वी झाली की तिने एका वेगळ्या सर्व्हरवर वेळेसह नोंद करावी, आणि ठरलेल्या मुदतीत नोंद आली नाही तर त्या वेगळ्या सर्व्हरने जबाबदार माणसाला कळवावे. वेगळा सर्व्हर का? मूळ सर्व्हर बंद पडला तर तो स्वतः बंद पडल्याचे कळवू शकत नाही म्हणून. आणि "जबाबदार माणूस" म्हणजे नाव असलेला एक माणूस. गटाच्या सामायिक पत्त्यावर गेलेला इशारा प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटतो.

रोज रात्री येणारा नवा माणूस

ऑनबोर्डिंगची स्क्रिप्ट कधी बिघडते? कोणी तिला हात लावला तर बिघडतेच, पण कोणीही हात न लावता जास्त वेळा बिघडते. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती येते, अंतर्गत सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपते, एखादी टीम आपल्या रिपॉझिटरीचे नाव बदलते. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे तर सुरुवातीपासून ९० दिवसांचीच असत. कंपनीत दोन महिने कोणी रुजू झाले नाही तर या दोन महिन्यांतले बिघाड साचत राहतात आणि पुढे येणाऱ्या पहिल्या माणसावर एकदम कोसळतात.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे एक कल्पित नवा कर्मचारी. रोज रात्री एक कोरे आभासी मशीन तयार करायचे. त्यासाठी राखून ठेवलेल्या चाचणी खात्याच्या सर्व परवानग्या काढून शून्यापासून सुरुवात करायची. नव्या माणसासाठीची स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवायची. मग त्या खात्याने, प्रशासकाच्या खात्याने नव्हे, पुढचे सर्व करून पाहायचे: लॉगिन होते का, रिपॉझिटरी उतरते का, कोड बिल्ड होतो का, चाचण्या चालतात का, प्रणाली सुरू होऊन पहिले पान दिसते का, एका शाखेवर छोटासा बदल पुश होतो का, त्या बदलावर तपासणीसाठी विनंती उघडता येते का. सकाळी मशीन पुसून टाकायचे.

प्रशासकाच्या खात्याने नव्हे, हा तुकडा विसरू नका. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या खात्याला सगळीकडे प्रवेश असतो. तो स्वतःच्या मशीनवर चालवून पाहतो आणि सगळे चालते. प्रूफ रेंज वेगळ्या जागी का लागते ते येथे कळते.

याच मशीनवर आणखी एक चाचणी फुकटात होते. स्क्रिप्ट लगेच दुसऱ्यांदा चालवा. नव्या माणसाची स्क्रिप्ट मध्येच फसली तर तो ती पुन्हा चालवणारच, म्हणून दुसऱ्यांदा चालवल्यावर काही मोडता कामा नये. अ‍ॅन्सिबल वापरत असाल तर शेवटी येणाऱ्या गोषवाऱ्यात दुसऱ्या वेळी बदललेल्या गोष्टींची संख्या शून्य यायला हवी. शून्य आली नाही तर कोणती तरी पायरी दर वेळी काहीतरी नव्याने करते आहे. ती शोधा.

उलट तपासणी

आतापर्यंत जे मिळायला हवे ते मिळाले का हे पाहिले. जे मिळू नये ते मिळाले नाही ना, ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि मोठे नुकसान तेथेच होते.

२०१७ च्या जून महिन्यात एका नव्या डेव्हलपरने नाव न देता लिहिलेला अनुभव जगभर वाचला गेला. नोकरीचा पहिला दिवस. स्वतःच्या मशीनवर डेटाबेस उभा करण्याच्या सूचनांचे कागद त्याला दिले होते. स्क्रिप्ट चालवून तिने दिलेली माहिती पुढच्या पायरीत भरायची होती. त्याने चुकून सूचनापत्रातच उदाहरण म्हणून छापलेली माहिती भरली. ती कंपनीच्या खऱ्या, ग्राहक वापरत असलेल्या डेटाबेसची होती. त्यानंतर त्याने चाचण्या चालवल्या. चाचण्या सुरू होताना जुनी माहिती पुसतात, त्याप्रमाणे त्यांनी ती पुसली. त्याला त्याच दिवशी काढून टाकण्यात आले.

वर्गात मी विचारतो, चूक कोणाची? पहिल्यांदा अर्धा वर्ग म्हणतो, त्याने सूचना नीट वाचायला हव्या होत्या. माझे मत वेगळे आहे. पहिल्या दिवशीच्या माणसाला खरा डेटाबेस पुसता येत असेल तर तो कधी ना कधी पुसला जाणारच होता. नंबर कोणाचा लागला एवढाच योगायोग.

म्हणून कल्पित कर्मचाऱ्याने रोज रात्री खऱ्या डेटाबेसला जोडून पाहण्याचा प्रयत्न करावा आणि तो प्रयत्न फसावा. येथे फसणे म्हणजे उत्तीर्ण होणे. पण सावध राहा. प्रयत्न चुकीच्या कारणानेही फसू शकतो. नेटवर्क बंद असेल किंवा सर्व्हरचा पत्ता बदलला असेल तरी जोडणी होत नाही, आणि तपासणी मात्र "उत्तीर्ण" म्हणते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुन्यासोबत ज्ञात पदार्थाचीही चाचणी घेतात, तसे येथे करायचे. त्याच वेळी, त्याच मशीनवरून, केवळ वाचनाची परवानगी असलेल्या एका वेगळ्या खात्याने जोडून पाहा. ते जोडले गेले आणि नव्याचे खाते नाकारले गेले, तरच उलट तपासणी खरी. नकाराचे कारणही वाचा. "परवानगी नाही" आणि "सर्व्हर सापडला नाही" यांतला फरक येथे फार मोलाचा आहे. सूचनापत्रे आणि रिपॉझिटरी यांत कुठे खरे पासवर्ड पडले आहेत का हे शोधणारी साधने आहेत, तीही याच वेळी चालवावीत.

काय मोजायचे

नव्या माणसाचा पहिला बदल मुख्य शाखेत सामील होईपर्यंत किती दिवस लागले, हे माप बरेच जण वापरतात. एट्सी या कंपनीत नव्या अभियंत्याने पहिल्याच दिवशी संकेतस्थळावर बदल चढवण्याची प्रथा होती आणि ती बरीच गाजली. फेसबुकने मात्र नव्या अभियंत्यांसाठी सहा आठवड्यांचा बूटकॅम्प ठेवला. म्हणजे एकच आदर्श आकडा नाही. आपल्याच कंपनीतल्या मागच्या आकड्यांशी तुलना करावी, आणि सरासरीपेक्षा सर्वांत जास्त दिवस लागलेल्या दोघा-तिघांची कहाणी वाचावी. आमची विद्यार्थिनी सरासरीत दिसली नसती.

आणखी एक गोष्ट मोजण्यासारखी आहे: शेवटच्या यशस्वी पायरीनंतर किती वेळ काहीच हालचाल नाही. टिकनंतर दोन दिवस क्लोन नाही, बिल्ड नाही, तर तेथे कोणीतरी अडकले आहे. अशा वेळी यंत्रणेने नव्या माणसाला नव्हे, त्याच्या मार्गदर्शकाला कळवावे. "अजून सुरुवात केली नाहीत" असा ई-मेल नव्याला गेला तर तो अधिकच घाबरेल. मार्गदर्शकाने जाऊन "दाखव बरं, कुठपर्यंत आलं?" असे विचारावे.

मोजमाप यंत्रणेचे करायचे आहे, माणसाचे नाही. कळा किती दाबल्या, स्क्रीन किती वेळ चालू होती असल्या नोंदी ठेवणारी साधने बाजारात आहेत. ऑनबोर्डिंग सुधारायला त्यांचा उपयोग नाही. शिवाय कर्मचाऱ्याची माहिती ही वैयक्तिक माहिती आहे आणि तिच्यासाठी आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे.

नोंदी किती दिवस ठेवायच्या? सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली असावी लागतात. परवानगी कोणाला, कधी, कोणी दिली याची नोंद त्यात असतेच. माणूस कंपनी सोडून जातो तेव्हा हीच यादी उलटी चालवायची असते. त्या दिवशी खाते बंद केल्याची नोंद पाहून थांबू नका. त्या खात्याने, त्याच्या जुन्या एसएसएच कीने आणि जुन्या टोकनने लॉगिन करून पाहा. खाते बंद असूनही टोकन चालू राहिल्याचे आढळते.

सराव

१. वीस ओळींची अशी शेल स्क्रिप्ट लिहा की जिच्यातली एक पायरी फसते, पण एक्झिट कोड शून्य येतो. ती तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून दाखवा. मग एररएक्झिट आणि पाइपफेल चालू करून तिन्हींपैकी कोणत्या पकडल्या जातात ते नोंदवा.

२. तुमच्या प्रकल्पाची रिपॉझिटरी दुसऱ्या गटातील मित्राला द्या. केवळ रीडमी वाचून त्याने प्रकल्प चालवायचा. तुम्ही मागे उभे राहा, पण बोलायचे नाही. तो कुठे थांबला, किती वेळ थांबला आणि तेव्हा स्क्रीनवर नेमका कोणता संदेश होता हे लिहून काढा. हा प्रयोग वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, विशेषतः न बोलणे.

३. वरील प्रत्येक संदेशाबद्दल ठरवा: हा संदेश वाचून नवा माणूस स्वतःला दोष देईल की यंत्रणेला? जेथे तो स्वतःला दोष देईल तेथे स्क्रिप्टने आधीच कोणती तपासणी करून कोणता संदेश द्यायला हवा होता ते मराठीत लिहा.

४. कल्पित कर्मचाऱ्याची रात्रीची तपासणी सलग चार रात्री झालीच नाही, कारण आभासी मशीन तयार करणारा सर्व्हर बंद होता. हे पाचव्या सकाळी कोणाला, कशावरून कळेल याची आकृती काढा. आकृतीत प्रत्येक चौकटीखाली ती ज्याच्या जबाबदारीत आहे त्या माणसाचे नाव लिहायचे आहे. गटाचे किंवा विभागाचे नाव लिहिल्यास गुण नाहीत.